पाण्यात ऑइल दिसले की हेड उतरवण्याची घाई कशासाठी?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कसारा घाटात मालट्रक बंद पडून वाहतूक खोळंबल्याची बातमी आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळते आणि कारणाच्या जागी बहुधा ‘इंजिन गरम झाल्याने’ एवढेच छापलेले असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘मेकॅनिक डिझेल’ हा व्यवसाय सत्तावीस वर्षे शिकवल्यामुळे असेल, त्या तीन शब्दांपाशी मी दर वेळी अडखळतो. गाडी गरम का झाली हे बातमीदाराने विचारले नाही, याचे मला नवल वाटत नाही. पण ज्या गॅरेजमध्ये ती गाडी ओढून नेली जाते तेथेही हा प्रश्न पुरेशा चिकाटीने विचारला जात नाही, हे गेल्या पावसाळ्यात मला घरच्याच गाडीवर पाहावे लागले. गाडी गरम होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एकाविषयीच, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात इंजिनचे ऑइल मिसळण्याविषयी, हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझ्या पुतण्याची दहा चाकी गाडी निफाड-लासलगाव भागातून कांदा घेऊन न्हावा शेवा बंदराकडे जाते आणि परतीला सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीसाठी मिळेल तो माल भरते. उतरताना घाट इंजिनाला सोपा जातो. कसोटी लागते ती परतताना, भरल्या गाडीने इगतपुरीकडे चढताना. त्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली आणि तासाभराहून अधिक वेळ इंजिन निवू दिले. गरम इंजिनाच्या पाण्याचे झाकण उघडायचे नाही हे त्याने माझ्याकडून लहानपणापासून ऐकलेले आहे, कारण दाबाखाली असलेले शंभर अंशांहून जास्त तापलेले पाणी झाकण सैल होताच उसळून अंगावर येते आणि तसे भाजलेले क्लीनर मी पाहिलेले आहेत. इंजिन निवल्यावर त्याने कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीचे झाकण काढले आणि मला फोन केला, “काका, टाकीत चहा झालाय.”

जवळच्या एका गॅरेजमध्ये टाकीत डोकावून पाच मिनिटांत निकाल देण्यात आला: हेडची, म्हणजे सिलिंडरांवरच्या जड झाकणाची, पॅकिंग गेली. हेड उतरवले, लेथवर नेऊन त्याला फेसिंग मारले, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट केला, नवी पॅकिंग बसवली, जुने ऑइल बदलले, रेडिएटरमध्ये नळीने पाणी सोडून ‘धुतला’ आणि साठ-सत्तर हजारांच्या घरातले बिल हातात ठेवले. पाचव्या दिवशी टाकीत पुन्हा चहा होता. हेड उतरवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) ठेवून ते वाकले आहे की नाही हे कोणी मोजले का, असे मी विचारले तेव्हा ‘फेसिंग मारलेले बरे असते’ एवढेच उत्तर मिळाले. गरज नसताना मारलेले फेसिंग मुळीच बरे नसते. त्याने हेडची जाडी कमी होते, व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर यांची पिस्टनपासूनची ठरलेली अंतरे बदलतात आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा घासायला धातूच उरत नाही.

गॅरेजवाल्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. हेड उतरवणे हे त्याला येणारे काम आहे आणि पाण्यात ऑइल म्हणजे हेड पॅकिंग हे समीकरण त्याने आपल्या उस्तादाकडून घेतले आहे. पेट्रोलच्या छोट्या गाडीत ते पुष्कळदा खरे ठरते. ट्रकच्या डिझेल इंजिनात मात्र या तक्रारीसाठी पहिला संशय ऑइल कूलरवर घ्यायचा असतो. चढावर खेचणाऱ्या इंजिनाचे ऑइल शंभर अंशांच्या वर तापते आणि ते थंड करण्यासाठी ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य धडाच्या) कडेला, बहुधा ऑइल फिल्टरच्या पाठीमागे, पातळ पत्र्यांच्या थरांचा एक कूलर बसवलेला असतो. पत्र्याच्या एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने पाणी वाहते. या दोघांमध्ये आडपडदा म्हणून कागदाहून थोडाच जाड पत्रा आणि काही सील असतात. संपूर्ण इंजिनात ऑइल आणि पाणी इतक्या मोठ्या पृष्ठभागावर इतके जवळ दुसरीकडे कोठेही येत नाहीत, एवढे लक्षात घेतले तरी संशयाचा क्रम आपोआप ठरतो.

आता दाबाचा हिशेब पाहू, कारण निदानाची गुरुकिल्ली त्यातच आहे. चालू इंजिनात ऑइलचा दाब साधारण ३ ते ५ बार असतो, तर पाण्याचा दाब रेडिएटरच्या झाकणावर अवलंबून १ बारच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्यामुळे कूलरच्या पत्र्याला टाचणीएवढे भोक पडले तर गाडी चालू असताना ऑइल पाण्यात ढकलले जाते. इंजिन बंद होताच ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब पुढे बराच वेळ टिकून राहतो आणि मग प्रवाह उलटतो: पाणी ऑइलमध्ये झिरपू लागते. म्हणून टाकीत ऑइल दिसल्यावर चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातले, ऑइल तपासणे अनिवार्य आहे. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा नट हळूहळू ढिला करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसलेले असते आणि ऑइलच्या आधी तेच बाहेर येते. ऑइलची पट्टी काढून पाहिली, काळेच दिसले, म्हणजे पाणी नाही, असे समजणारे पुष्कळ आहेत. थोडे पाणी पट्टीवर दिसत नाही. ते बेअरिंगला मात्र कळते, कारण कूलंटमधील ग्लायकॉल ऑइलमध्ये मिसळले की ऑइलचा थर मोडतो, गाळ धरतो आणि क्रँकची बेअरिंग खरवडली जातात.

त्याही आधी एक पायरी आहे, जी हास्यास्पद वाटेल: टाकीतला तपकिरी पदार्थ ऑइलच आहे का? आपल्याकडे रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकण्याची रीत आहे. हळद भोक तात्पुरते बुजवते हे मी नाकारत नाही, पण चार महिन्यांनी तीच हळद गंजाबरोबर मिसळून असा काही राडा करते की पाहणाऱ्याने हेडच उतरवावे. निरनिराळ्या रसायनांची हिरवी आणि गुलाबी कूलंट एकमेकांत ओतली तरी कधी कधी खळीसारखा चिकट गाळ तयार होतो. परीक्षा सोपी आहे. काचेच्या पारदर्शक बाटलीत नमुना भरून रात्रभर ठेवावा. हळद आणि गंज तळाला बसतात, ऑइल वर तरंगते किंवा मलईसारखा थर धरते. त्या थराचा थेंब साध्या कागदावर टाकून वाळू दिला की भज्याखालच्या कागदासारखा पारदर्शक डाग राहतो. डागाला डिझेलचा वास येत असेल आणि थर पातळ असेल तर तो दोष ऑइलचा नसून बहुधा हेडमधील इंजेक्टरच्या बाहीचा, म्हणजे स्लीव्हचा, असतो आणि त्या वेळी ऑइल कूलर उघडणेही व्यर्थ आहे. ज्या अवजड गाड्यांना हायड्रॉलिक रिटार्डर (उतारावर तेलाच्या साह्याने वेग आवरणारे साधन) किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे त्यांत तेथील कूलरचे लालसर ऑइलही पाण्यात येऊ शकते. आपल्या रस्त्यांवर अशा गाड्या अजून थोड्या आहेत, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

ऑइल इंजिनाचेच आहे हे ठरले, तरी ऑइल कूलर आणि हेड यांच्यामध्ये आणखी एक आरोपी उभा असतो आणि तो जवळजवळ नेहमीच निसटतो. हवेच्या ब्रेकसाठी लागणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ऑइलवर चालतो आणि अनेक गाड्यांत त्याचे डोके इंजिनाच्याच पाण्याने थंड होते. त्या डोक्याची पॅकिंग फाटली की पाण्यात हवा शिरते, तिच्याबरोबर ऑइलही येते आणि टाकीत बुडबुडे फुटू लागतात. बुडबुडे पाहिले की सिलिंडरमधला वायू पाण्यात येतो आहे, म्हणजे हेड गेले, असा निर्णय होतो. खरे-खोटे करायला हत्यार लागत नाही. ब्रेकच्या हवेच्या टाक्या रिकाम्या करून इंजिन सुरू करावे आणि कूलंटच्या टाकीकडे पाहत उभे राहावे. हवेच्या टाक्या भरून अनलोडर, म्हणजे जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह, फुसकारला की कॉम्प्रेसरवरचा भार सुटतो. त्याच क्षणी बुडबुडे थांबले किंवा स्पष्टपणे मंदावले, आणि ब्रेक चार वेळा दाबून हवा उतरवल्यावर पुन्हा सुरू झाले, तर दोष कॉम्प्रेसरमध्ये आहे. माझ्या माहितीतल्या एका गाडीचे हेड याच गफलतीपायी दोनदा उतरले होते.

हेडवर खरा संशय केव्हा घ्यावा? थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी तापायच्या आधीच, मिनिट-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला तर. सिलिंडरमधील दाब पाण्यात घुसल्याशिवाय असे होत नाही. टाकीच्या तोंडावर धरायच्या नळीत एक निळे रसायन असते, ज्वलनातील कार्बन डायऑक्साइडने त्याचा रंग बदलतो. ते साधन फार महाग नसते, तरी मी फिरलो त्या चारपैकी एकाच गॅरेजमध्ये ते आढळले. डिझेल इंजिनात बारीक गळती ही परीक्षा चुकवू शकते, म्हणून रंग बदलला तर दोष आहे असे मानावे, पण रंग न बदलल्यास हेड निर्दोष सुटले असे मानू नये. पॅकिंगमधील ऑइलची वाट आणि पाण्याची वाट यांच्यामधलाच भाग फाटला, वायूचा संबंधच आला नाही, असेही घडते. ते कमी वेळा घडते आणि म्हणूनच त्याची पाळी शेवटी येते. हेडला किंवा ब्लॉकला तडा असेल तर तो थंडीत मिटतो आणि तापल्यावर उघडतो, त्यामुळे दाबाची तपासणी गरम पाण्यात केली तरच तिला अर्थ आहे. बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक निकषांच्या) गाड्यांचे मालक ईजीआर कूलरबद्दल, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या कूलरबद्दल, विचारतात, म्हणून सांगतो: तो फुटला तर पाणी सायलेन्सरमधून पांढऱ्या वाफेच्या रूपाने जाते, टाकी रिकामी होत राहते, पण पाण्यात ऑइल येत नाही.

पुतण्याच्या गाडीचा ऑइल कूलर आम्ही काढला. पाण्याची बाजू रिकामी ठेवून ऑइलच्या दोन्ही तोंडांना पत्र्याच्या चकत्या आणि रबर लावून एकीतून हवेची नळी दिली, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या दाबापर्यंत हवा भरली आणि कूलर गरम पाण्याच्या टबात बुडवला. थंड पाण्यात काही मिनिटे काहीच दिसले नव्हते. गरम पाण्यात एका कडेने मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ सुटली. या सगळ्याला जेमतेम अर्धा दिवस लागला आणि नव्या कूलरची किंमत हेडच्या बिलाच्या निम्म्याहूनही कमी होती. कूलर निर्दोष निघाला असता तर त्याच्या मागच्या घराचे सील आणि गॅस्केट पाहिले असते, कारण कधी कधी पत्रा शाबूत असतो आणि गळती सीलमधून होते. ते न पाहता ‘कूलर ओके’ म्हणणे ही अर्धवट तपासणी आहे.

येथवरची गोष्ट अनेक जाणकारांना ठाऊक असेल. ज्यासाठी मी मुख्यतः लेखणी उचलली तो भाग यापुढे आहे. नवा कूलर बसवून आठ दिवस झाले आणि टाकीत पुन्हा ऑइल दिसू लागले. पुतण्याचा धीर सुटला, दुकानदाराने कूलर बदलून देण्याची तयारी दाखवली आणि पहिल्या गॅरेजवाल्याने ‘मी म्हणत होतो ना, ब्लॉकला तडा आहे’ असे सांगून इंजिन उतरवण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात नवीन ऑइल येतच नव्हते. ब्लॉकच्या कोपऱ्यांत, रेडिएटरच्या नळ्यांत आणि होज पाइपांच्या आतल्या अंगाला चिकटून राहिलेले जुने ऑइल रोज थोडे थोडे सुटून वर येत होते. हे ओळखायचे कसे? आम्ही इंजिनाच्या ऑइलमध्ये अतिनील दिव्याखाली चमकणारा फ्लुरोसंट रंग घातला, तो दुकानात मिळतो, आणि तीन दिवस गाडी चालवून टाकीतला थर टिपकागदाने उचलून त्या दिव्याखाली धरला. थर चमकला नाही. चेंबरमधले ऑइल मात्र त्याच दिव्याखाली हिरवेगार चमकत होते. म्हणजे टाकीतले ऑइल जुने होते, आणि दोष दुरुस्तीत नसून धुण्यात होता.

धुणे हे आपल्याकडे क्लीनरचे काम समजले जाते, हीच मुळात चूक आहे. तेलाची उष्णता वाहण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे एक चतुर्थांश असते. ब्लॉकच्या आतून आणि रेडिएटरच्या नळ्यांतून तेलाचा पातळ थर राहिला तर इंजिन जणू आतून गोधडी पांघरून बसते आणि दुरुस्ती अचूक होऊनही गाडी घाटात गरमच होते. शिवाय बहुतेक कूलंट होज ईपीडीएम जातीच्या रबराचे असतात. उष्णता आणि कूलंट यांना हे रबर चांगले तोंड देते, पण खनिज तेल शोषून ते फुगते, मऊ पडते आणि क्लिपच्या तोंडाशी घसरू लागते. आमच्या गाडीचा खालचा होज धुलाईच्या आदल्या दिवशी हाताने दाबला तेव्हा भिजलेल्या पावासारखा लागला. तो तसाच राहिला असता तर पुढच्या चढावर फुटला असता आणि आपल्या दैनिकात पुन्हा तेच तीन शब्द छापले गेले असते.

धुण्याच्या ज्या रीती मी गॅरेजांत पाहिल्या त्यांपैकी बहुतेक अपायकारक आहेत. डिझेल किंवा रॉकेल भरून इंजिन फिरवल्याने तेल सुटते खरे, पण रबर आणखी फुगते, शिवाय ते पुरते निघून जात नाही आणि आगीचा धोका वेगळाच. कपडे धुण्याची पावडर फेस करते. फेस म्हणजे हवा, आणि हवा भरलेली वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) पाणी फेकू शकत नाही, त्यामुळे धुतानाच हेड तापते. कॉस्टिक सोड्याचे तर नावच घेऊ नये. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरच्या काळात तो चालून गेला, आजचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. कॉस्टिक ॲल्युमिनियमला अक्षरशः खाते. याच कारणाने जुन्या रेडिएटरवाल्यांचे रॉडिंग, म्हणजे टाक्या उघडून नळ्यांतून सळ्या फिरवणे, आजच्या रेडिएटरवर सहसा करता येत नाही. दोन-तीनदा धुऊनही नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत तर तो बदलावाच लागतो.

आम्ही केले ते असे. प्रथम सगळे पाणी सोडले, तेही रेडिएटरच्या कॉकबरोबर ब्लॉकच्या बाजूचा नट उघडून, कारण केवळ रेडिएटर सोडल्याने ब्लॉकमधील कित्येक लिटर तेलकट पाणी तसेच राहते आणि नव्या पाण्याची वाट पाहत बसते. टाकी काढून वेगळी घासली. थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवला, जेणेकरून पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरावे. मग कूलिंग सिस्टिमसाठीच बनवलेले, फेस न करणारे धुण्याचे रसायन डब्यावर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून भरले, केबिनच्या हीटरची वाट उघडी ठेवली आणि इंजिन जरा चढ्या आयडलवर अर्धा तास चालवले. पाणी कोमट असतानाच सोडले, कारण ते थंड होऊ दिले तर सुटलेले तेल पुन्हा भिंतींना धरते. पहिले पाणी चहा होते, दुसरे लिंबू सरबत, तिसरे जवळजवळ स्वच्छ. चौथ्यांदा साधे पाणी भरून फिरवले आणि पाचव्यांदाही, कारण धुण्याच्या रसायनाचा अंश राहिला तर तो नव्या कूलंटमधील रसायने नासवतो. रेडिएटर वेगळा काढून खालच्या तोंडातून वर, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, पाण्याचा झोत दिला. ज्याला एका दुपारी हे उरकायचे आहे त्याने हे काम हाती घेऊ नये. आम्हाला दोन दिवस लागले.

सर्व होज, रेडिएटरचे झाकण आणि थर्मोस्टॅट नवे घातले. वॉटर बॉडीचे सील तपासले. थर्मोस्टॅटविषयी येथे दोन वाक्ये लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे गाडी गरम झाली की तो काढून फेकणे हा उपाय समजला जातो. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी वाट बंद करतो. तो नसला तर ती वाट कायम उघडी राहते, काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परतते आणि भरल्या चढावर गाडी उलट जास्त तापते. सपाटीवर मात्र असे इंजिन थंडच राहते, डिझेल जास्त पिते, आणि मालकाला वाटते की उपाय लागू पडला.

शेवटी कूलंट. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, हा युक्तिवाद मला वर्गात दरवर्षी ऐकू यायचा. ५० टक्के ग्लायकॉलचे मिश्रण उणे ३५ अंशांच्या खाली गोठते हे खरे आणि सिन्नरला त्याचा उपयोग नाही हेही खरे. पण आपण पैसे मोजतो ते त्यातील गंजरोधक रसायनांचे आणि वाढलेल्या उत्कलनबिंदूचे. ओल्या लायनरच्या, म्हणजे पाण्याशी थेट लागून असलेल्या सिलिंडरच्या बाहीच्या, बाहेरच्या अंगाला, पिस्टनच्या धक्क्यांनी होणाऱ्या कंपनामुळे, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटत असतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उडवतो. योग्य रसायनांचा थर नसेल तर काही काळाने लायनरला आरपार छिद्रे पडतात. आमच्या कूलरचा पत्राही असाच आतून गंजलेला होता. आधीच्या मालकाने या गाडीत वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरले असणार, असे त्यावरच्या पांढऱ्या क्षारांवरून दिसत होते. दुष्काळी तालुक्यांत टँकरचे पाणी पिण्याला पुरत नाही तेथे ट्रकला क्षार काढलेले, म्हणजे बॅटरीत घालतात तसले डिमिनरलाइज्ड पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर सोपा मार्ग म्हणजे तयार मिसळलेले कूलंट विकत घेणे, जे अवाजवी वाटण्याइतके महाग दिसते आणि एका कूलरपेक्षा बरेच स्वस्त पडते. ते भरल्यावर हवा पूर्ण काढावी, पहिल्या फेरीनंतर पातळी पाहावी, आणि चेंबरमधील ऑइल व फिल्टर पाचशे-हजार किलोमीटरवर पुन्हा एकदा बदलावेत, कारण पहिल्या बदलात सगळे पाणी निघत नाही.

आता ज्यांच्या हातात काही आहे त्यांच्यासाठी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कूलिंग सिस्टिमचा धडा आहे, पण प्रात्यक्षिकात मुले रेडिएटर काढतात आणि लावतात. मुद्दाम भोक पाडलेला ऑइल कूलर देऊन ‘गळती शोधा’ असे सांगितले जात नाही. माझ्याकडूनही पहिली बारा-तेरा वर्षे ते झाले नाही, हे येथे कबूल करतो. वाहतूकदारांच्या स्थानिक संघटनांनी दाबतपासणीचा एक संच, निळ्या रसायनाची नळी आणि अतिनील दिवा विकत घेऊन सभासदांना वापरायला दिला, तर त्याचा खर्च एका चुकीच्या उतरवलेल्या हेडमध्ये भरून निघेल. आणि ट्रकमालकांना विनंती अशी की, हेड उतरवायला परवानगी देण्याआधी ‘कोणती तपासणी केली आणि तिच्यात काय दिसले’ हे मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्यावे. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

एक गोष्ट अद्याप राहिली आहे आणि ती माझ्या स्वतःच्या अंगणातली आहे. पाच वेळा धुताना साधारण वीस-पंचवीस लिटरच्या हिशेबाने शंभरावर लिटर तेलकट, ग्लायकॉलमिश्रित पाणी जमा झाले. गॅरेजांमागचा नाला हे त्याचे नेहमीचे ठिकाण आहे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, म्हणून कुत्री आणि जनावरे ते चाटतात, आणि ते मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. पण दहा-वीस लिटर ऑइल आणि शंभर लिटर तेलकट पाणी असलेला एकटा ट्रकमालक ते कोणाकडे नेणार? आम्ही वरचे तेल काढून वेगळ्या डब्यात भरले आणि उरलेले पाणी पाच कॅनमध्ये झाकून शेडमध्ये ठेवले आहे. आडगावच्या ट्रक टर्मिनलसारख्या ठिकाणी वापरलेल्या ऑइलसाठी एक आणि वापरलेल्या कूलंटसाठी एक असे दोन पिंप ठेवून ते नियमित उचलण्याची व्यवस्था झाली, तर ते पाच कॅन पहिल्या दिवशी तेथे घेऊन येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मेकॅनिक डिझेल)
सिन्नर, जि. नाशिक